रिलायन्सची २०२० ची एजीएम: एकाच दिवशी दोन सभा

२०२० च्या जुलै महिन्यात, एकाच आठवड्यात, तीन क्लायंटचे फोन आले. ऑफिस तेव्हा बंद होतं, म्हणजे फोन आले ते घरीच, डायनिंग टेबलावर. तिघांचं म्हणणं एकच होतं : "मॅडम, रिलायन्सनं केली ना परवा, तशी एजीएम आपल्याला करून द्या." एजीएम म्हणजे कंपनीच्या भागधारकांची वार्षिक सर्वसाधारण सभा. त्यातल्या एका कंपनीची वर्षाची उलाढाल रिलायन्सच्या पाच-सहा पेट्रोल पंपांएवढी असेल. पण हौसेला मोल नसतं, आणि त्या वर्षी दुसरा मार्गही नव्हता.

मी कंपनी सेक्रेटरी. सभेच्या नोटिसा, ठराव, मिनिट्स, मंत्रालयाचे फॉर्म हा पोटापाण्याचा उद्योग. 'तशी' म्हणजे नक्की कशी, हे क्लायंटला सांगायचं तर आधी आपल्याला कळायला हवं, म्हणून १५ जुलैचं ते प्रक्षेपण मी पुन्हा लावलं आणि वहीत टिपणं काढत पाहिलं. हे लिखाण त्या टिपणांवरून.

आधी जुनी सभा कशी असायची ते सांगते, कारण त्याशिवाय बदल काय झाला ते कळत नाही. रिलायन्सची एजीएम मरीन लाइन्सच्या बिर्ला मातोश्री सभागारात व्हायची, बॉम्बे हॉस्पिटलच्या शेजारी. हजार-बाराशे खुर्च्या. भागधारक लाखो. सकाळपासून रांग, हातात अटेंडन्स स्लिप, कुणाच्या पिशवीत वार्षिक अहवालाचं जाडजूड बाड. डोंबिवली, विरार, घाटकोपरहून आलेले काका-काकू, ज्यांच्याकडे दहा-वीस शेअर आणि अध्यक्षांना सांगण्यासारखं बरंच काही. धीरूभाईंच्या काळात तर मैदानात मंडप घालून ही सभा भरवावी लागली होती. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या मानकांनी २०१५ पासून सभेत भेटवस्तू वाटायला बंदी घातली, तरी खाऊचा पुडा बऱ्याच कंपन्यांत टिकला. त्या पुड्याची चेष्टा करणारे पुष्कळ आहेत. मी करत नाही. सासवडहून पहाटेची गाडी पकडून आलेल्या माणसाला समोसा आणि बर्फी मिळाली तर कुणाचा ताळेबंद बिघडत नाही.

पण सासवडचा माणूस आला तरी तो सभेत कसाबसा पोहोचायचा. नागपूरचा, सावंतवाडीचा किंवा न्यू जर्सीचा भागधारक कधीच पोहोचायचा नाही. कंपनी कायद्याचं कलम ९६ सांगतं की वार्षिक सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा ते ज्या शहरात आहे त्या शहरात घ्यायची. मुंबईत नोंदणी झालेल्या कंपनीचे बहुसंख्य भागधारक मुंबईबाहेर असले तरी सभा मुंबईतच.

मग लॉकडाऊन आला. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ८ एप्रिल आणि १३ एप्रिल २०२० ला दोन परिपत्रकं काढून विशेष सभा व्हिडिओवर घ्यायला वाट करून दिली, आणि ५ मे रोजी तिसरं काढून वार्षिक सभांनाही ती मुभा दिली. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने १२ मे रोजी छापील अहवाल पाठवण्यातून सूट दिली. आमच्या धंद्यात मंत्रालयाच्या या तीन परिपत्रकांची पारायणं झाली. त्यातली भाषा थोडी गमतीची आहे. सभा दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी हवी, हे सांगताना मंत्रालयाने 'दुतर्फा टेलिकॉन्फरन्सिंग किंवा वेबेक्स' असं लिहिलं. एका खासगी कंपनीचं उत्पादन सरकारी परिपत्रकात सामान्यनामासारखं वापरलेलं पाहून आम्ही सगळे हसलो. डालडा म्हणजे वनस्पती तूप, तसं.

हसण्यापलीकडे मात्र त्यात कामाच्या अटी होत्या. मोठ्या कंपनीच्या सभेत किमान एक हजार सदस्यांना येता आलं पाहिजे, जो आधी येईल त्याला आधी प्रवेश. दोन टक्के किंवा जास्त शेअर असणारे, प्रवर्तक, संस्थात्मक गुंतवणूकदार, संचालक, ऑडिटर यांना या मर्यादेतून सूट. लिंक सभेच्या पंधरा मिनिटं आधी उघडायची आणि वेळेनंतर पंधरा मिनिटं होईपर्यंत बंद करायची नाही. जे आले ते गणसंख्येत (कोरममध्ये) धरायचे. प्रॉक्सी, म्हणजे आपल्या जागी दुसऱ्याला पाठवणं, नाही. सभेची नोंद जपून ठेवायची. आणि सदस्यांना प्रश्न तिथल्या तिथे विचारता यावेत, किंवा आधी ईमेलने पाठवता यावेत.

त्या 'किंवा'कडे पुन्हा यायचं आहे.

आता १५ जुलै. बुधवार, दुपारी दोन. रिलायन्सची त्रेचाळिसावी वार्षिक सभा आणि पहिलीच पूर्णपणे ऑनलाइन. भागधारकांसाठी जिओमीट या रिलायन्सच्याच व्हिडिओ मीटिंग अ‍ॅपवर लिंक, बाकी जगासाठी सोशल मीडियावर थेट प्रक्षेपण. जिओमीट लोकांसाठी खुलं होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. म्हणजे आपल्याच नव्या उत्पादनावर आपली सभा, देशभर पाहिली जाणारी. अडखळली असती तर नाचक्की, चालली तर फुकटची जाहिरात. धाडस म्हणा की हिशेब, मला त्यात हिशेब जास्त दिसतो.

घोषणांची यादी करायची तर हे पान पुरणार नाही. सगळ्यात मोठी : गुगल रिलायन्सच्या जिओ प्लॅटफॉर्म्स या डिजिटल कंपनीमध्ये ७.७ टक्के हिश्शासाठी ३३,७३७ कोटी रुपये घालणार. दोनच दिवस आधी गुगलने भारतासाठी दहा अब्ज डॉलरच्या निधीची घोषणा केली होती, त्यातली ही पहिली गुंतवणूक. सुंदर पिचाई चित्रफितीतून बोलले. एप्रिलपासून फेसबुकने सुरू केलेली गुंतवणूकदारांची रांग गुगलपाशी येऊन थांबली आणि जिओचा जवळपास एक तृतीयांश हिस्सा बाहेरच्यांकडे गेला. जोडीला ५३,१२४ कोटींचा राइट्स इश्यू (आहेत त्याच भागधारकांना नवे शेअर देऊ करणं), कंपनी निव्वळ कर्जमुक्त झाल्याचा उल्लेख, देशी बनावटीचं ५जी, ईशा आणि आकाश अंबानींनी दाखवलेलं जिओटीव्ही प्लस, आणि जिओ ग्लास नावाचा चष्मा, ज्यातून समोरच्या माणसाची त्रिमिती प्रतिमा दिसते. नीता अंबानी या सभेत पहिल्यांदा बोलल्या, रिलायन्स फाउंडेशनच्या कामाबद्दल.

प्रक्षेपण म्हणून हे उत्तम होतं, यात शंका नाही. एका सभागृहात मंचावर कोण कुठे उभं राहणार, प्रकाश कसा, मागचा पडदा किती मोठा, याची बंधनं असतात. इथे कॅमेरा थेट चेहऱ्यावर, आकडे थेट पडद्यावर, वक्ते वेगवेगळ्या जागी असूनही एकामागून एक. थेट म्हणजे काय, हा प्रश्न त्यात विरघळून जातो. पिचाईंचा संदेश आधी चित्रित केलेला होता हे उघड आहे, पण पाहणाऱ्याला तो त्या क्षणाचाच भाग वाटतो. कंपनीचा निरोप पोहोचवायचा तर असाच. माझ्या एका क्लायंटने नंतर विचारलं, "आपण आपल्या चेअरमन साहेबांचं भाषण आदल्या दिवशी शूट करून ठेवलं तर?" मी म्हटलं, भाषण चालेल, सभा चालणार नाही. चेअरमन त्या वेळी लिंकवर जिवंत हजर पाहिजेत. त्यांना ते जरा अन्यायकारक वाटलं.

एक बातमी मात्र या चकचकाटातही चकचकीत झाली नाही. आदल्या वर्षी, १२ ऑगस्ट २०१९ च्या सभेत, सौदी अरामको तेल-रसायन व्यवसायात वीस टक्के हिस्सा घेणार असं जाहीर झालं होतं. या वेळी अध्यक्षांनी सांगितलं की ऊर्जा बाजारातली परिस्थिती आणि कोविड यांमुळे तो व्यवहार ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे पुढे गेलेला नाही. बाजार उघडा होता, साडेतीनला बंद होतो. त्या दिवशी शेअरने नवा उच्चांक गाठला होता, कंपनीचं बाजारमूल्य बारा लाख कोटींपलीकडे गेलं होतं, आणि बंद होताना शेअर जवळपास चार टक्के खाली होता. अरामकोमुळे की बातमी येण्याआधीच भाव फुगले होते म्हणून, यावर भांडायला विश्लेषक आहेत. मला वेगळं काहीतरी दिसलं.

बाजार चालू असताना थेट बोलणं म्हणजे प्रत्येक वाक्याला भाव लागणं. हे २०१६ मध्येही दिसलं होतं : १ सप्टेंबरला बिर्ला मातोश्रीत मुकेश अंबानी जिओचे दर सांगत होते आणि त्याच वेळी एअरटेल आणि आयडियाचे शेअर घसरत होते. पण प्रक्षेपणात एक भेद आहे जो सभागृहात नसतो. सभागृहात पहिल्या रांगेला आणि शेवटच्या रांगेला शब्द एकाच वेळी ऐकू येतो. इंटरनेटवर तसं नाही. मीटिंगच्या लिंकवर बसलेल्या माणसाला आवाज साधारण सेकंदाच्या आत पोहोचतो, कारण तिथे दोन्हीकडून बोलायचं असतं आणि उशीर झाला तर संवादच बिघडतो. तेच सार्वजनिक प्रक्षेपणात चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते जागोजागच्या सर्व्हरवर साठवले जातात, आणि तुमचा फोन दोन-तीन तुकडे हाताशी धरून मगच चित्र दाखवतो. म्हणून ते लाखोंना एकदम पाहता येतं आणि म्हणूनच ते दहा-वीस, कधी तीस सेकंद मागे असतं. शेजारच्या घरात विकेट पडल्याची आरोळी ऐकू येते आणि आपल्या पडद्यावर बोलर अजून धावतच असतो, तसं. बाजाराच्या हिशेबात वीस सेकंद म्हणजे दुपारची झोप काढून उठण्याइतका वेळ. यावरचा उपाय जुनाच आहे : महत्त्वाची गोष्ट शेअर बाजाराला आधी लेखी कळवायची, मग कॅमेऱ्यासमोर बोलायची. २०२४ च्या सभेत एकास एक बोनस शेअरचा विचार होणार ही बातमी रिलायन्सने भाषणाच्या तोंडावर एक्स्चेंजला कळवली होती, ती याच शिस्तीतली.

आणि इथेच मला त्या दिवसाची फोड सापडली. १५ जुलैला सभा एक नव्हती. दोन होत्या. एक प्रक्षेपण, एकतर्फी, कितीही लोकांसाठी. दुसरी कायद्याने सांगितलेली वार्षिक सभा, दुतर्फा, लॉगिन करणाऱ्या सदस्यांसाठी. दोघींचे अध्यक्ष एक, वेळ एक, नाव एक. लोकांनी पाहिली ती पहिली. क्लायंटना हवी होती तीही पहिली. माझी सही लागणार होती ती दुसऱ्या सभेच्या कागदांवर.

दुसऱ्या सभेत असतं काय? हिशेब मंजूर करायचे, लाभांश जाहीर करायचा, आळीपाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकांना पुन्हा नेमायचं. त्यासाठी मतं लागतात. आणि मतं? ती सभागृहातून केव्हाच बाहेर पडली होती. २०१३ च्या कायद्याच्या कलम १०८ ने आणि २०१४ च्या नियमांनी सूचिबद्ध कंपन्यांना ई-व्होटिंग सक्तीचं केलं. ते किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. म्हणजे अध्यक्ष 'प्रिय भागधारकहो' म्हणून बोलायला उभे राहतात तेव्हा बहुतेक मतं पडून झालेली असतात. ज्यांनी आधी मत दिलं नाही त्यांच्यासाठी सभेदरम्यान एक छोटी खिडकी उघडते, एवढंच. भाषण ऐकून मत ठरवायचं, ही कल्पना कोविडच्या सहा वर्षं आधीच जवळजवळ संपली होती. फक्त कुणाला तसं वाटत नव्हतं, कारण सभागृह भरलेलं दिसायचं.

मग सभागृहात खरोखर उरलं होतं काय? प्रश्न. छोट्या भागधारकाने माइकपाशी जाऊन, सगळ्यांसमोर, अध्यक्षांच्या तोंडावर विचारलेला प्रश्न. त्यात कौतुकाची भाषणं भरपूर असतात हे मला माहीत आहे. शेरोशायरी असते, फॅक्टरी दाखवा असा आग्रह असतो, चहा गार होता अशीही तक्रार असते. पण दहा कौतुकांमध्ये एखादे गृहस्थ उभे राहतात आणि विचारतात, पान १८७ वर संबंधित कंपनीला दिलेलं कर्ज गेल्या वर्षीपेक्षा का वाढलं. आणि मंचावर सीएफओ, म्हणजे कंपनीचे वित्तप्रमुख, पुढे वाकून अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगतात. ते वाकणं सगळे पाहतात. मी माझ्या उमेदीच्या वर्षांत सभेबद्दल जे काही शिकले त्यातलं निम्मं त्या वाकण्यांमधून.

व्हिडिओ सभेत ते वाकणं दिसत नाही. स्क्रीनवर एक चौकोन क्षणभर म्यूट होतो. शिवाय प्रश्न विचारायचा तर बहुतेक कंपन्यांच्या नोटिशीत लिहिलेलं असतं : सभेच्या अमुक दिवस आधी नाव, डीमॅट खाते क्रमांक, मोबाइल नंबर ईमेलने कळवून वक्ता म्हणून नोंदणी करा. किती जणांना बोलू द्यायचं ते वेळेनुसार ठरवण्याचा अधिकार कंपनीकडे. परिपत्रकातला तो 'किंवा' आठवतो? तिथल्या तिथे विचारा किंवा आधी पाठवा. कुठली कंपनी कुठला पर्याय घेणार हे सांगायला ज्योतिषी नको. आधी आलेल्या प्रश्नाला तयार उत्तर असतं, आणि तयार उत्तराला पुढचा प्रश्न नसतो, कारण माइक बंद झालेला असतो.

याला कंपनीचा कावा म्हणणं सोपं आहे. आमच्यासारख्यांची बाजूही सांगते. खुला माइक ठेवला आणि चारशे जण एकदम अनम्यूट झाले तर सभा होत नाही, मंडई होते. कुणाच्या घरी कुकरची शिट्टी, कुणाकडे भांडण. एका कंपनीच्या सभेत (नाव सांगत नाही) एका वक्त्याने पाच मिनिटं मनापासून भाषण केलं आणि संपल्यावर मॉडरेटर म्हणाला, "सर, तुमचा आवाज येत नाहीये." ते परत पहिल्यापासून सुरू झाले. या वेळी आवाज आला, चित्र गेलं.

तर क्लायंटना मी काय सांगितलं? तिघांपैकी दोघांना प्रक्षेपण हवं होतं, सभा नको होती. त्यांना सांगितलं, भाषणाचा छान व्हिडिओ करा, वेबसाइटवर टाका, वितरकांना पाठवा, पण एजीएम एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थांच्या साध्या सोयीवर घ्या. मतदानाचं लॉगिन आणि सभेची लिंक एकाच जागी, खर्च आवाक्यातला. त्यांच्या नोटिशीचा मसुदा ठरलेला असतो. त्यात एक सूचना असतेच की मोबाइल हॉटस्पॉटवरून आलात तर आवाज-चित्र तुटू शकतं, स्थिर वाय-फाय किंवा केबल वापरा. आणि आणखी एक वाक्य, जे मी दर वर्षी टाइप करताना थोडी थबकते : सभा व्हिडिओद्वारे असल्यामुळे सभास्थानी पोहोचण्याचा नकाशा जोडलेला नाही.

तिसऱ्या क्लायंटची गोष्ट वेगळी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली, चार हजारांच्या आसपास भागधारक असलेली, मशीनचे सुटे भाग बनवणारी कंपनी. मालक जुन्या वळणाचे. त्यांना मी म्हटलं, नोंदणीची अट ठेवा, पण शेवटची पंधरा मिनिटं नोंदणी न केलेल्यांसाठी हात वर करण्याचं बटण उघडा. सीएफओ नाखूश होते. "मॅडम, कोण काय विचारेल सांगता येत नाही." तेच तर.

सप्टेंबरमध्ये सभा झाली. एरवी या कंपनीच्या सभेला वीस-पंचवीस माणसं यायची, बरीचशी कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक. कायद्याला त्या आकाराच्या कंपनीसाठी पंधरा पुरतात. त्या दिवशी लॉगिन शंभरावर गेले. कोल्हापूर, अकोला, बडोदा, एक दुबईहून. शेवटच्या पंधरा मिनिटांत तीनच हात वर झाले. पहिल्या दोघांनी कौतुक केलं. तिसरे इचलकरंजीचे निवृत्त शिक्षक. पडद्यावर अर्ध कपाळ आणि वर फिरणारा पंखा. म्हणाले, नमस्कार, मी एकवीस वर्षं तुमचा भागधारक आहे, आजवर तुमच्यापैकी एकाचाही चेहरा पाहिला नव्हता, आज पाहिला, बरं वाटलं. आणि मग लगेच, त्याच सुरात : तयार मालाचा साठा एका वर्षात दीडपट झालाय आणि विक्री घटलीय, तर हा माल विकला जाणारा आहे की नुसताच मोजला जाणारा?

सगळे चौकोन स्तब्ध. मालकांनी नकळत उजवीकडे पाहिलं, जिथे सभागृहात सीएफओ बसले असते. त्या बाजूला त्यांच्या घराची खिडकी होती. मग सीएफओंनी अनम्यूट केलं आणि सांगितलं की सविस्तर उत्तर ईमेलने कळवू. गुरुजी म्हणाले, "जरूर कळवा, मी वाट पाहतो," आणि त्यांचा पंखा पडद्यावरून गेला.

ईमेल अकराव्या दिवशी गेला. मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. अहवालातल्या एका टिपेचा हवाला होता, पान क्रमांकासकट. पान चुकलं होतं. मी दुरुस्त केलं, खाली आकड्यांचा तक्ता जोडायला लावला आणि पाठवा म्हटलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींचं उत्तर आलं, एका ओळीचं : तक्ता मिळाला, पुढच्या वर्षीही लिंक पाठवा.